शनिवारी गेलेल्या चपला

आता हसायला हरकत नाही, पण मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो, एवढं लक्षात ठेवून हसा. बायकोच्या गाठीचा तुकडा शुक्रवारी तपासायला दिला होता आणि रिपोर्ट सोमवारी मिळणार होता. मधल्या शनिवारी घरात बसवेना, म्हणून दोघं शनीच्या शिंगणापूरला गेलो. दर्शन घेतलं. ती पुढं गाडीकडं गेली, मी मागनं आलो, तर तेलाच्या दुकानासमोर काढलेल्या माझ्या चपला गायब!

दुकानदाराला म्हटलं, "अहो, माझ्या चपला चोरीला गेल्या."

"हितं चोरी हुत न्हाई."

"मग गेल्या कुठं?"

"तुमची पीडा घिऊन गेल्या. शनिवारी हितनं चपला जानं लई चांगलं."

"याला पुरावा काय?"

"चपला गेल्या की! अजून काय पायजे?"

वर्गात कुणी असं बोललं असतं तर मी त्याला बाहेर काढलं असतं. इथं मात्र उगीचच छाती हलकी झाली.

तेवढ्यात गाडीतून बायकोची हाक आली. "अहो, चपला इथं आहेत! चोरीला जातील म्हणून मीच आणून ठेवल्या."

दुकानदार खूश. "बघा! म्हनलं न्हवतं, हितं चोरी हुत न्हाई?"

"अहो, पण मग पीडा?"

तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला तेल द्यायला वळला.

शुक्रवारी दिलेल्या तुकड्यात शनिवारच्या चपलांनी काडीचा फरक पडत नाही, हे मी कुणालाही दोन वाक्यांत सिद्ध करून देईन. बायकोलाही नगर येईपर्यंत तेच समजावत होतो, चपला पुन्हा तेलाच्या दुकानासमोर सोडून, अनवाणी पायांनी गाडी चालवत.