लघवीची नळी आन् मन्याराचा हात

आमी मन्यार, रेणापूरचे. वाडवडलापासून बायांच्या हातात बांगड्या भरायचं काम, बापाच्या मागं गठडं घेऊन हिंडायला लागलो तवा मिसरूडबी फुटलं न्हवतं, आन् काय सांगू तुमाला, बाप एकच गोष्ट सांगायचा, की बेटा, जबरदस्ती करू नको, काच फुटंल आन् बाईला लागंल, तिला बोलन्यात गुतव, हात ढिला पडला की बांगडी आपसूक सरकती. भूकंपाच्या साली लई दिस गठडं उघडलंच न्हाई. मंग पत्र्याच्या शेडात पयलं लगीन लागलं, त्या पोरीला चुडा भरताना समद्या बाया रडल्या, मीबी रडलो. आता लातूरला क्लासला आलेल्या पोरी नुस्तं घड्याळ घालत्यात, पन लगनात चुडा लागतोच, आन् चुडा म्हनलं की मामूला, म्हंजे मला, बोलवा.

तर सांगत काय व्हतो, प्रोस्टेटचं. लघवी अडली, लातूरच्या डॉक्टरनं ऑपरेशन केलं, ते झ्याक झालं, पन आतली लघवीची पिशवी लई दिस तानून थकलेली, नळी काढली की लघवी परत बंद. मंग परत नळी, आन् नळीला थैली. आता तुमीच सांगा, नवरीच्या म्होरं गुडघ्याला गुडघा लावून बसायचं काम माजं, भवती बायाच बाया, आन् मांडीला मुताची थैली? मला कोन बोलवंल मंग? म्हनून मी थैली वर कंबरंला खोचली, बंडीच्या आत, दिसू नये म्हनून. पानी कवा चढावर चढतंय व्हय? आतलं आतच तुंबलं, थंडी वाजून ताप भरला.

डॉक्टर रागावला, चाचा, थैली कवाबी आतल्या पिशवीच्या खालीच पायजे. मंग सबुरीनं म्हनला, हीच नळी ठेवा, थैली पोटरीला बांधा, पायजम्यात दिसत न्हाई, नळी तेवढी ठरल्या वक्ती बदलायची. न्हाईतर बेंबीखाली बारीक भोक पाडून तिथून नळी काढू. आन् ते दोनीबी नको असलं तर बारकी नळी सोताच घालायची, दिसातून चार-पाच डाव, लघवी झाली की काढायची, अंगावर कायबी लटकत न्हाई. मी म्हनलं, सोताच? या अल्ला. आमची बेगम तर तोंडाला पदर लावून भायेर गेली.

मी म्हनलं, शिकवा. दवाखान्यातला ब्रदर आला, म्हनला, हात साबनानं धुवा, नळीला जेली लावा, लांब श्वास घ्या, अंग सैल सोडा, जोर करू नका. मी त्याच्या तोंडाकडं बगतच राह्यलो, हे तर माज्या बापाचं बोलनं. मधीच थांबलो, नवरीसंग बोलतो तसं सोताशीच बोलत राह्यलो, आन् नळी सरकली, आन् धार लागली. साठी उलटली तरी मला ठाव न्हवतं आपल्या आत कुठं वळन हाय, कुठं दरवाजा हाय. काय घडवलंय वरच्यानं, बगा. आन् बंद दरवाजातून वाट काढायची अक्कल मानसाला दिली, तीबी त्यानंच.

परवा एका लगनात मधीच उठलो, मोरीत जाऊन आलो, हात धुऊन परत बसलो, कोनाला कळलंबी न्हाई. नवरीची आजी म्हनली, मामू, माजा चुडा तुमच्या बापानं भरला, हिच्या मायचा तुमी, आता हिच्या लेकीचाबी तुमीच भरा. मी म्हनलं, माय, तेवढं आयुष्य कुठून आनू. ती म्हनली, मागा की त्याच्याकडं, मागायला कसली लाज.

मंग मागितलं बगा.