एकोणीस दोने अन् एक हिरवी बत्ती

चूक रामाजी काकाची! नाही, मधात बोलू नका, वयाचा मान-बिन मले सांगू नका, चूक काकाचीच, अन् त्याच्याखालोखाल माझ्या बापाची, ज्यानं मले त्याच्या हवाली केलं. तुमाले सांगतो, इंजिनिअरिंग मी दुसऱ्या वर्षाले सोडलं. कावून सोडलं ते इचारू नका, सोडलं. तर बापानं धरलं मले अन् आमच्या कोहक्याच्या घरून सरळ मरोद्याले नेलं, काकाच्या घरी. काका म्हणजे बापाचा गाववाला, भंडाऱ्याकडचा. छत्तीस वर्षं पोलादाच्या प्लांटात भट्टीपुढं घालवले, रिटायर झाला अन् एका सेठच्या रबरच्या कारखान्यात सेफ्टी इंचार्ज होऊन बसला. बाप म्हणते, "रामाजी, याले तुझ्या हाताखाली ठेव. अन् पोट्टं पळून जाईन, म्हणून याची बारावीची ओरिजिनल मार्कशीट ठेवून घे." माझ्यासमोर! जसा मी बोकड अन् मार्कशीट माझं दावं! अहो, आयुष्यात मी पास केलेली ती शेवटची गोष्ट, अन् ती गेली स्टोअररूमच्या लाकडी अलमारीत, चाबी काकाच्या करदोड्याले.

आता काकाची सेफ्टी आयका. कारखान्याच्या छताले एकोणीस डिटेक्टर. धूर झाला की बोंबलणार, अन् काकाच्या केबिनमधल्या पॅनलवर लाल बत्ती लागणार. धूर नाही तर हिरवी. बस्स, काकाले सेफ्टी म्हणजे हेवढंच समजते. वायर सोलल्या, काका? "हिरवी बत्ती हाये न?" रबर चिपकवायच्या सोल्युशनचे डबे पंख्याजवळ ठेवले, काका, भडकन पेटते ते? "हिरवी बत्ती हाये न बे? मंग?"

मंग आली विश्वकर्मा पूजा. मागच्या वर्षी काय झालं होतं, हवन पेटलं, धूर वर गेला अन् एकोणीसच्या एकोणीस डिटेक्टर एकदम बोंबलले! पंडितजी मंत्र अर्धा टाकून गेटपर्यंत पळाले, सेठाणीच्या हातातला नारळ सेठच्या पायावर! म्हणून यंदा काकानं अक्कल लावली. प्रसादाचे थर्माकोलचे दोने आणले, द्रोण म्हणा, मले शिडीवर चढवलं अन् एकेका डिटेक्टरवर दोना उलटा लावून टेपनं चिपकवायले लावला. मीच चिपकवले, खोटं कावून बोलू? अन् पूजेत काय, मशीनले टिळा, पान्याले टिळा, आग विझवायच्या सिलेंडरलेही टिळा, हार, अन् मूठ अन् पिन मिळून लाल धागा, सात येढे, वरून गाठ. पंडितजी खुश, सेठ खुश, अन् बत्ती? हिरवी!

दुसऱ्या दिवशी म्हटलं, काका, दोने काढू? "मूर्ती हाये अजून, धूपबत्ती चालू हाये." विसर्जन झालं. काका, दोने? "शिडी पेंटरनं नंदिनी नगरले नेली." आठ दिवस, पंधरा दिवस, वीस दिवस... शिडी काही नंदिनी नगरहून येऊन नाही राहिली! अन् रोज सकाळी रजिस्टर पुढं. "कर सही. डिटेक्टर ओके." अहो काका, ओके कुठं हाये? "बत्ती कोणती हाये?" हिरवी. "मंग कर!" केली.

इकडं मी चोरून एक फॉर्म भरला होता. नागपूरले फायर-सेफ्टीचा कोर्स. अन् लागली न सीट! मले! सोमवारी ओरिजिनल मार्कशीट घेऊन हजर व्हायचं, नाही तर सीट दुसऱ्याले. मी बुधवारपासून काकाच्या मागं. "देतो न बे. शनिवारी देतो. कागद काय पळून चालला?"

शुक्रवारी दुपारी दोन वाजता मले वास आला. जळल्या रबराचा. आता रबरच्या कारखान्यात जळल्या रबराचा वास, कोणाले सांगणार? पण हा वेगळा होता, लाकडाचा, कागदाचा... मी गेलो केबिनमध्ये. काका डबा खाऊन राहिला. काका, स्टोअरकडून वास येऊन राहिला. काकानं पॅनलकडं पाह्यलं, मंग माझ्याकडं. "तुझं नाक मोठं का मशीन? छत्तीस वर्षं भट्टीपुढं काढले म्या, धूर मले शिकवतं?" तुमाले सांगतो, या माणसाले वासच येत नाही! छत्तीस वर्षांत नाक कामातून गेलं. काकू स्वतः सांगते, घरी गॅस उघडा राह्यला तरी हा पेपर वाचत बसते. अन् डिटेक्टरच्या तोंडावर दोना! म्हणजे कारखान्यात नाक एकच, माझं, अन् त्याचं कोणी आयकत नाही!

चाबीसाठी दहा मिनिटं भांडलो. दार उघडलं तर आत धूरच धूर, सोल्युशनच्या चिंध्या पेटलेल्या अन् अलमारी... माझी अलमारी... धडधड! सिलेंडर उचललं, पिन ओढतो तर निघंना! सात येढे! गाठ! मी दातानं धागा तोडतो, अन् मागून काका, "दातानं नको तोडू बे, पूजेचा हाये!" अहो, आग लागली हाये! "उष्टा होते न!"

तोडला. विझवली. अन् मंग शिडी आली! वीस दिवस नंदिनी नगरले होती, पाच मिनिटांत आली, शेडच्या मागंच उभी होती! पंखे लावून धूर बाहेर काढला, अन् सेठ यायच्या आत काकानं माझ्याच हातानं एकोणीसच्या एकोणीस दोने काढवले.

सेठ आला. "अलार्म क्यों नहीं बजा?" काका पॅनलपाशी उभा, छाती काढून. "साहब, हरी बत्ती है. मशीन ठीक है. चेकिंग रजिस्टर इस लड़के के पास है, रोज का साइन इसका है." मी म्हटलं, सेठ, वो दोने... "बच्चा घबरा गया है, साहब. माफ कर दो. मेरे गाँववाले का लड़का है, मैं गारंटी लेता हूँ, यहीं रहेगा, कहीं नहीं जाएगा."

घरी बाप म्हणते, "रामाजी होता म्हणून वाचला. पाय पड त्याच्या." पडलो. काय करता?

काल काकानं दोन्यांचं नवं पाकीट आणलं. लक्ष्मीपूजन हाये, सेठ कारखान्यातच करते. "चढ बे." चढलो. खाली काका पॅनल पाहून राहिला, "हिरवी हाये, हिरवी हाये..."

डुप्लिकेट मार्कशीट यायले दोन महिने लागतात. नागपूरची सीट सोमवारी दुसऱ्याले गेली.