शिवणवाल्या बाईची साडी

चारुशीला : …आणि ही शिवणवाली बाई मेल्यावरही रोज वरच्या मजल्यावर मशीन चालवते? आपल्या स्टाफमधलं जिवंत माणूस वेळेवर येत नाही, ताराचंदभाऊ.

ताराचंद : हसा मॅडम. तीस वर्षांपासून शिपाई हाव इथं. पोट्टे ऐकतात तिचा आवाज.

चारुशीला : पत्रा वाजतो तो! मुख्याध्यापिका होऊन मला आठवडा झाला, तेवढ्यात पालकांनी गेटला तीनदा लिंबू-मिरच्या बांधल्या. खाली एका खोलीत दोन-दोन वर्ग कोंबलेत, वर चार खोल्या रिकाम्या. उद्या प्रार्थना झाली की साठही पोरं रांगेनं वर नेते. जाऊ द्या एकदाचं हे भूत.

ताराचंद : तुम्ही सोता गेल्या का वर?

चारुशीला : पोरांसोबत जाणारच आहे ना.

ताराचंद : साठ नका नेऊ, मॅडम.

चारुशीला : काहून? बाईला गर्दी चालत नाही?

ताराचंद : जिन्याले चालत नाही.

चारुशीला : म्हणजे?

ताराचंद : मधल्या पाच पायऱ्या वाळवीनं खाल्ल्या. आधीच्या मॅडमनं तीन अर्ज केले, उत्तर नाही. मी दोरी बांधली, पोट्टे खालून घुसले. बोर्ड लावला, त्याची बॅट केली. मंग एक दिवस म्हटलं, वर शिवणवाली बाई हाय. तवापासून एक पोट्टा चढला नाही.

चारुशीला : भूत तुमचं?

ताराचंद : मशीन माही. बाकीचं पालकायनं वाढवलं.

चारुशीला : पण फायलीत इंजिनिअरचा रिपोर्ट आहे. ‘जिना सुस्थितीत.’

ताराचंद : आले होते ना साहेब. इथं खालीच उभे राहिले. म्हणे, “वर ते… हाय म्हणतात ना?” अन् गाडीच्या सीटवर कागद ठेवून सही केली. माहीच चूक. भूत पोट्ट्यायसाठी हाय, हे साहेबाले सांगाले पाहिजे होतं.

चारुशीला : शिकलेला माणूस!

ताराचंद : चांगला चार मजली बंगला हाय त्यायचा.

चारुशीला : मी चौथा अर्ज करते. आजच.

ताराचंद : करा. कपाटात जागा हाय.

चारुशीला : आणि उद्या? मी पोरांना सांगून बसले, भूत नसतंच, चला दाखवते. तो अंकुर टॉर्च आणणार आहे.

(वर पत्रा वाजतो.)

चारुशीला : साडी कोणत्या रंगाची असते तिची?

ताराचंद : हिरवी. काहून?

चारुशीला : उद्या प्रार्थनेत सांगावं लागेल, मी पाहिली म्हणून. रंग चुकायला नको.