किती लांबून वाचता येतं

मुलगी : एकूण एकशे त्रेचाळीस अभिप्राय. अठ्ठावन्न अक्षरांबद्दल, एकतीस तपकिरी कागदावरच्या तपकिरी मजकुराबद्दल, नऊ जणांना मागे जायचं बटण सापडलं नाही. एकात दोन तक्रारी असतील तर मोठी धरलीय.

आई : आणि उरलेले पंचेचाळीस?

मुलगी : त्यांना कुत्रा आवडला.

आई : आहेच गोड.

मुलगी : आई, टपालवाल्या बाईचा खेळ आहे. पत्र वाचायचं, कुणाचं ते ओळखायचं, डोंगर चढून पोचवायचं. पत्रच वाचता येत नसेल तर लोक कुत्र्याशी खेळत बसणार, नाहीतर काय.

आई : ते बटण तरी दुरुस्त केलंस का?

मुलगी : बटण झालं, रंग झाला. अक्षरं राहिलीत. सुधारलेला खेळ आज सहाला चढवायचाय, आणि अक्षरं बाबांची आहेत.

आई : मग सांग त्यांना.

मुलगी : तू सांग ना.

आई : मी बरी सांगेन. चाळीस वर्षं ह्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, मग छापील बोर्ड आले आणि ब्रश धुऊन ठेवले. तू खेळासाठी अक्षरं मागितलीस तेव्हा दोन महिने जेवायला तीन-तीन हाका माराव्या लागत होत्या ह्यांना.

मुलगी : म्हणूनच अकरा दिवस गप्प बसलेय.

बाबा : कशाबद्दल गप्प?

मुलगी : बाबा. तुम्ही कधी आलात?

बाबा : कुत्र्यापासून आहे. वाचून दाखव काय लिहिलंय ते.

मुलगी : ‘अक्षरं देखणी आहेत, पण दोन पत्रांनंतर डोळे दुखतात.’ ‘निम्मं अंदाजाने वाचलं. पत्र चुकीच्या घरी दिलं गेलं, म्हातारा रडला.’

बाबा : म्हातारा रडला?

मुलगी : खेळातला हो.

बाबा : असेना. अकरा दिवस मला ‘मस्त चाललंय’ सांगत होतीस. मी त्या कोपऱ्यावरच्या शिंप्याला रोज सांगतोय, माझी अक्षरं कुठकुठली माणसं वाचतायत म्हणून.

मुलगी : तुम्हाला वाईट वाटलं असतं.

बाबा : वाटलं असतं, एक दिवस. एकदा एका दवाखान्याच्या पाटीवर मी वेळ चुकीची घातली. डॉक्टर आठवडाभर बोलले नाहीत, पेंटर नाराज होईल म्हणे. आणि पेशंट बंद दारासमोर ताटकळत. पेंटरची कसली काळजी करतेस?

आई : झालं बोलून? आता मार्ग काढा.

बाबा : लोकांना द्यायच्या आधी कुणी खेळून बघितला होता?

मुलगी : मी, आई, दादा, काकू. तीन महिने. कुणालाही कुठे अडलं नाही, तेच मला कळत नाही.

बाबा : सगळी घरातलीच की.

मुलगी : मग?

बाबा : अगं, तू बाराखडी माझ्या हातची गिरवलीस. हिच्या डब्यांवरची नावं मी घातलीत, दादाच्या वह्यांवरची मी घातलीत. तुम्हाला काय अडणार? पाटी लागली की मी रस्ता ओलांडून जायचो आणि अनोळखी माणूस गाठायचो. म्हणायचो, वाचा.

मुलगी : म्हणजे नमुनाच चुकीचा घेतला मी.

बाबा : तुमच्यात जे काय म्हणतात ते. शेजारी त्या नर्सबाई आल्यात ना गेल्या महिन्यात? त्यांनी माझं एक अक्षर पाहिलेलं नाही.

मुलगी : आपल्या दारावरची पाटी?

आई : ती विकतची आहे. स्वतःच्या दारासाठी ह्यांना कधी वेळ झालाय?

(मुलगी लॅपटॉप आणि मोजपट्टी घेऊन शेजारी जाते. अर्ध्या तासाने परत येते.)

बाबा : काय निघालं?

मुलगी : लॅपटॉप टेबलावर ठेवला. त्यांना लांबून थोडं थोडं जवळ यायला सांगितलं. जिथून अख्खं पत्र बिनचूक वाचलं तिथे खूण केली. दर वेळी नवं पत्र, म्हणजे पाठ झालं असं नको. तयार मिळतात ती साधी अक्षरं, एक मीटर अठ्ठेचाळीस.

बाबा : माझी?

मुलगी : बाबा, त्यांनी चष्मा...

बाबा : आकडा सांग.

मुलगी : एकाहत्तर सेंटिमीटर.

आई : निम्म्याहून कमी.

बाबा : तेवढं गणित मला येतं. माझी रेघ शेवटाला बारीक होत जाते. पाटीवर ती बारीक म्हणजे बोटभर असते. तुझ्या काचेवर केसाएवढी झाली, दिसणार कशी?

मुलगी : मी मोठी करून बघते.

बाबा : मग पत्र चौकटीत मावेल?

मुलगी : नाही. अर्धंच मावेल.

बाबा : मग काढ ती. साधी घाल. त्या म्हाताऱ्याला त्याचं पत्र मिळू दे.

मुलगी : सुरुवातीचं खेळाचं नाव तुमच्याच अक्षरांत राहील. ते मोठं आहे, एकाचीही तक्रार नाही.

बाबा : ती पाटीच झाली. ती राहू दे.

आई : माझं कुणी मोजलं नाही.

मुलगी : तुझा आकडा धरता येत नाही, आई. बाबांनी आत्ताच सांगितलं ना.

आई : धरू नकोस. मोज नुसतं.

बाबा : मोज गं, नाहीतर सहापर्यंत हेच चालेल.

मुलगी : दाराशी उभी राहा. ही दोन्ही पत्रं काल लिहिलीत, तू पाहिलेली नाहीत. आधी साधी अक्षरं. ये पुढे. अजून.

आई : ‘धाकट्याचा ताप उतरतोय. घाई करून येऊ नकोस.’

मुलगी : एक मीटर त्रेपन्न. आता बाबांची. परत दाराशी जा. हं, ये.

आई : थांब. ‘तुझी खुर्ची खिडकीशी सरकवली आहे. तिथे ऊन येतं.’

मुलगी : हलू नकोस. बाबा, पट्टीचं ते टोक धरा.

बाबा : धरलं. किती?

मुलगी : दोन मीटर सहा.