घोंगडं टोचतं का?

दहिवडी स्टँडवर साताऱ्याच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकड्यावर विकायच्या घोंगड्यांचा गठ्ठा, त्याच्या एका बाजूला मोबाइलमध्ये डोकं घातलेला पुतण्या, दुसऱ्या बाजूला चुलता.

“नाना, रिपोर्ट आलाय. लोकं एआयला घोंगड्याचं काय काय इचारत्यात, अन् उत्तरात कुणाच्या दुकानाचं नाव येतंय, सगळं हाय ह्यात.”

“आपलं येतंय न्हवं?”

“एकदा बी न्हाई.”

“आँ? वरीसभर ब्लॉग लिवतोयस की रं!”

“आपण लिवलं परंपरा अन् वारसा. लोकं इचारत्यात, घोंगडं टोचतं का?”

“मग कुणाचं नाव सांगतंय ते?”

“पुण्याच्या एका दुकानाचं.”

“त्यानं जल्मात मेंढरू बघितलंय का?”

“नसंल. पर टोचतं म्हणून लिवलंय त्यानं. आत चादर घ्या म्हणतोय.”

“येडं हाय. धंदा बुडवंल सोताचा.”

“लय जोरात चाललाय त्याचा. आपला पुढचा ब्लॉग बी ह्याच्यावरच लिवू. सांगा, टोचतं का?”

“अजिबात न्हाई! लिव, लोण्यावानी मऊ.”

“नाना, तुमी रातच्याला काय पांघरता?”

“त्याचा हितं काय संबंध?”

“सांगा की.”

“थोरल्यानं मुंबईवरनं ब्लँकेट आणलंय, ते.”

“अन् घरातलं घोंगडं?”

“कुत्र्याला अंथरलंय.”

“मग त्याला टोचतं का?”

“मला काय म्हाईत? ते शेजारी मातीत झोपतंय.”