साहेबांचा बीगल आणि विजूचा पहिला शब्द

आमच्या घरी दोन दिवस बीगल राहिला होता, हे आता बेंबळीत कुणाला खरं वाटायचं नाही. दुष्काळाचं साल. दूध संस्थेच्या कामाला आलेल्या साहेबांना चारा छावण्या बघत फिरायचं होतं, म्हणून त्यांनी आपलं लांब कानांचं कुत्रं आमच्याकडं ठेवलं. आमचे हे संस्थेचे सेक्रेटरी. नाही म्हणायची सोय नव्हती.

माझा विजू अडीच वर्षांचा झाला तरी एक शब्द बोलत नव्हता. मी शिकलेली ना, रोज चित्रांचं पुस्तक घेऊन "आई म्हण, आई" करायची आणि सासूबाईंजवळ रडायची, की शिकवलेलं याला काही येतच नाही. त्यात हे कुत्रं. शब्दकोशात पाहिलं, तर बीगल म्हणजे सशामागं धावणारं शिकारी कुत्रं, शिवाय पाळत ठेवणारा माणूस. दुसरा अर्थ मलाच जास्त शोभत होता. कुत्रं विजूजवळ गेलं की मला पोटातली चौदा इंजेक्शनं आठवायची आणि मी ओरडायची, "हाड!"

दुसऱ्या दिवशी पाहते तर विजू त्याच्या कानात तोंड खुपसून बसलेला. मी धावत जाऊन विजूला उचलायला वाकले. त्यानं माझ्याकडं बोट रोखलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "हाड!"

मी रडत खालीच बसले. सासूबाई धावत आल्या.

"चावलं का गं?"

"नाही हो आत्याबाई, विजू बोलला. मला हाड म्हणाला."

"आन् तू म्हणत हुतीस, शिकवलेलं त्याला येत न्हाय!"