तुझा दोर माझ्या हातात

न्हाय न्हाय, ओरडू नको शांभवी, ऐकू येतंय मला. दोर घट्ट हाय. सोडणार न्हाय मी तुला — पण वर पण जाऊ देणार न्हाय आणि खाली पण न्हाय. लटक तिथंच जरा. पुढच्या मोहिमेत कोण कुणाच्या दोराला, ते सर आज ठरवणारायत — आणि तू माझं नाव सांगितलंस म्हणे! लाज कशी वाटली न्हाय गं? पन्हाळ्याकडचा हा सरावाचा कातळ म्हणजे दोन माडीची उंची. हिमालयातलं ते शिखर आठवतंय का? आठवणारच की, चौकात केवढा फलक लागलाय तुझा! उघड्या जीपमधनं मिरवणूक, हलगी, गुलाल — चुकून माझ्या पण डोक्यावर टाकला कुणीतरी — आणि माईकवर तू काय म्हणालीस? क्रांती दमली म्हणून खाली थांबली. दमली? व्हय? शेवटच्या कड्यावर आपण दोघी एका दोराला होतो. तू पुढं, मी मागं. धुकं उतरलं, माझी बोटं गारठली, मी हाक मारली — थांब गं जरा. आणि दोर ओढला तर हलकाच आला, सरसर सगळा माझ्या पायाशी. टोकाला कोण न्हाय. तुटला न्हवता — गाठ सोडली होती. ती गाठ सोडायला हातमोजा काढावा लागतो शांभवी. तेवढ्या थंडीत तू मोजा काढलास!

पुढं गेलेले सर मला शोधत परत येईपर्यंत मी कपारीला पालीसारखी चिकटून बसलते. शिखराचं काय न्हाय मला, चुलीत गेलं शिखर. पण आता पप्पांच्या गाडीवर मागं बसले तरी त्यांचा शर्ट मुठीत धरते मी. एवढी घोडी झाले तरी. पप्पा म्हणतात, अगं, गुदगुल्या होतात — जाऊ दे. हे तुला कशाला सांगतेय मी?

रडतीस? रड. सगळी बघायला लागली वर. — काय न्हाय सर, खाली घेतेय तिला! — पाय कातळाला लाव. हळू. हां. टेकलीस? सोड गाठ. जमती की तुला.

आता मी चढणार. अंहं, तू दोराला हात लावू नको. — सर, माझ्या दोराला शांभवी नको. आज पण नको, मोहिमेत पण नको. का? ती सांगेल की, माईकवर बोलता येतंय तिला. न्हाय सांगितलं तर मी सांगते. — स्नेहल, ये गं, तू धर.

बाजूला हो, शांभवी. सावली पडतेय तुझी.